संगणक अर्हता आणि संगणकासह अध्यापन: प्राथमिक शिक्षकाच्या दोन वेगळ्या तयाऱ्या

प्राथमिक शाळेतील शिक्षक वर्गात संगणक वापरण्यास तयार आहेत का, असा प्रश्न निघाला की महाराष्ट्रात उत्तरादाखल बहुधा एक प्रमाणपत्र पुढे केले जाते. ते प्रमाणपत्र खरे असते आणि त्यामागे मेहनतही असते. परंतु विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर नसते. संगणक हाताळता येणे ही एक तयारी आणि संगणक हाताशी असताना मुलांना शिकवता येणे ही दुसरी. दोन्हींसाठी शिक्षक यंत्रासमोरच बसतो, दोन्हींना आपण ‘संगणक प्रशिक्षण’ म्हणतो आणि म्हणूनच एकीच्या नावाखाली दुसरी झाली असे गृहीत धरले जाते.

पहिल्या तयारीचा आपल्याकडील परिचित नमुना म्हणजे एमएस-सीआयटी. तो चालवणाऱ्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ मध्ये झाली आणि त्यानंतर हा अभ्यासक्रम तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला. शासनाने कर्मचाऱ्यांसाठी संगणक अर्हता बंधनकारक करून ती मिळवण्यास ३१ डिसेंबर २००७ ही मुदत दिली आणि मुदतीत ती न मिळवणाऱ्यांची वेतनवाढ रोखण्याची तरतूद केली. शिक्षकही या कक्षेत आले आणि वेतनवाढीच्या वसुलीचा विषय पुढे कितीतरी वर्षे शिक्षक संघटनांच्या निवेदनांत राहिला. विंडोज, मजकूर टंकलेखन, तक्ते, सादरीकरण, इंटरनेट आणि ई-मेल असा या अभ्यासक्रमाचा गाभा आहे. तो कोणत्याही कार्यालयीन कर्मचाऱ्याला उपयोगी पडतो, आणि नेमक्या याच कारणामुळे त्यात इयत्ता, पाठ्यघटक किंवा मूल यांचा उल्लेख असण्याचे कारण नाही.

ही तयारी वाया गेली असे मात्र म्हणता येत नाही. सरल, यू-डायस आणि शालार्थ या विद्यार्थी, शाळा आणि वेतन यांच्या नोंदींच्या सरकारी प्रणालींवर माहिती भरण्याचे काम आज शाळेतच होते आणि द्विशिक्षकी शाळेत ते करायला लिपिक नसतो. पण याचा एक परिणाम असा झाला की अनेक शाळांतील संगणक मुख्याध्यापकांच्या टेबलावर स्थिरावला. ज्या कामासाठी प्रशिक्षण मिळाले होते त्याच कामाला यंत्र लागले, यात नवल नाही.

दुसरी तयारी कशाची, हे समजण्यासाठी तिसरी-चौथीच्या वर्गातील अपूर्णांकांचा पाठ घेऊ. एक द्वितीयांश मोठा की एक तृतीयांश, असे विचारले की बरीच मुले एक तृतीयांश म्हणतात, कारण त्यांच्या दृष्टीने तीन हा दोनपेक्षा मोठा असतो. अनुभवी शिक्षकाला ही चूक आधीच ठाऊक असते आणि तो कागदाच्या घड्या घालून घेतो. दोन भाग, चार भाग, आठ भाग सहज होतात, तीन भाग थोड्या प्रयत्नाने होतात. परंतु सात समान भाग करा म्हटले की घड्या बिघडतात, मुलांचे लक्ष अपूर्णांकावरून घडीवर जाते आणि पाठ तिथेच अडकतो. संगणकाला इथे खरे काम आहे. पडद्यावर तीच एक पट्टी दोन, तीन, सात, बारा अशा भागांत क्षणात वाटता येते, एकूण लांबी तीच राहते आणि भागांची संख्या वाढेल तसा प्रत्येक भाग आखूड होत जाताना मुलांना दिसतो. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पात अशी विनामूल्य प्रतिरूपे (सिम्युलेशन) आहेत आणि त्यांतील काही मराठीतही मिळतात. मात्र शिक्षकाने बटण दाबण्यापूर्वी ‘आता भाग लहान होईल की मोठा, ते वहीत लिहा’ असे सांगितले नाही, तर मुले हलते चित्र पाहतात आणि मूळ समजूत तशीच घेऊन घरी जातात.

या प्रसंगात यंत्र हाताळण्याचे कौशल्य किती लागले? एक पान उघडणे आणि एक आकडा बदलणे, एवढेच. बाकी सारे, म्हणजे चूक कुठे होते हे जाणणे, कागद कुठवर पुरतो हे ओळखणे आणि पडदा केव्हा दाखवायचा हे ठरवणे, एमएस-सीआयटीच्या कक्षेबाहेरचे आहे. पुन्या मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातून मांडलेल्या चौकटीचा आशय हाच आहे. विषयाचे ज्ञान, अध्यापनपद्धतीचे ज्ञान आणि तंत्रज्ञानाचे ज्ञान ही तीन स्वतंत्रपणे मिळवून एकमेकांवर रचल्याने काम भागत नाही. तिन्ही जिथे एकत्र येतात तिथे शिक्षकाचे असे एक वेगळेच ज्ञान तयार होते, असे ती चौकट सांगते. मिश्रा यांचे डिझाइनचे शिक्षण मुंबईच्या आयआयटीत झाले होते, तरी आपल्याकडील प्रशिक्षणांत ही चौकट प्रामुख्याने स्लाइडवरील तीन वर्तुळांच्या रूपात भेटते, हे थोडे गमतीचे आहे.

दुसऱ्या तयारीचा आणखी एक भाग आहे आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो: संगणक केव्हा बंद ठेवायचा हे कळणे. मटकीला मोड येताना पाहायचे असतील तर ओले फडके आणि दोन दिवस पुरतात, तिथे ॲनिमेशन लावणे म्हणजे मुलांच्या हातातील अनुभव काढून घेणे. उलट चंद्रकला का दिसतात, हे फळ्यावरील आकृतीने समजावताना बहुतेक शिक्षकांची दमछाक होते आणि फिरते प्रतिरूप तिथे चांगली मदत करते. तिसरीत आपल्या जिल्ह्याची ओळख करून देताना उपग्रहचित्रावर गावचा ओढा शोधून तो कोणत्या नदीला मिळतो हे मुलांकडून माग काढत जाण्यासारखा पाठ छापील नकाशावर तितका रंगत नाही. हे निवडीचे भान पाठागणिक बदलते, त्यामुळे त्याची परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांनी घेणे अवघड आहे.

शाळेची रचनाही या निवडीत येते. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या साठपर्यंत मुलांमागे दोन शिक्षक असतात, म्हणजे एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसणे ही खेड्यातील शाळेची नेहमीची स्थिती आहे. अशा वर्गात एकच संगणक असताना तो सगळ्यांसमोर ठेवायचा, की चौथीच्या पाच मुलांना त्यावर काम देऊन स्वतः पहिलीच्या वाचनाकडे वळायचे, हा तंत्राचा प्रश्न नाही. प्रयोगशाळेत प्रत्येकी एक यंत्र घेऊन शिकलेल्या शिक्षकाला याचा सराव कधी मिळालेलाच नसतो.

केंद्र सरकारने ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू केलेल्या निष्ठा या शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रमाने देशातील सुमारे ४२ लाख प्राथमिक आणि उच्च प्राथमिक शिक्षकांचे उद्दिष्ट ठेवले आणि अध्यापनात तंत्रज्ञानाचा मेळ घालण्यासाठी स्वतंत्र घटक दिला. विषय योग्य निवडला होता. पुढे करोनाच्या काळात, ऑक्टोबर २०२० पासून, हा कार्यक्रम दीक्षा या ऑनलाइन मंचावर गेला. मग शिक्षक घरी बसून चित्रफीत पाहू लागला, प्रश्नमंजूषा सोडवू लागला आणि प्रमाणपत्र उतरवून घेऊ लागला. याने संगणक हाताळणीचा सराव नक्कीच वाढला, पण वर्ग या व्यवहारात कुठेच नव्हता. दुसऱ्या तयारीसाठी आखलेला कार्यक्रम अशा रीतीने पहिल्या तयारीच्या वळणावर जातो.

याच्या उलट उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेचे तेव्हाचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तो पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडच्या कामामुळे गाजला. कोड तयार करणे फारसे अवघड नाही. कोणत्या पानावर मुलाला घरी मदत लागेल आणि ती कवितेच्या आवाजाची की समजावणीच्या चित्रफितीची, हे ठरवायला शिक्षकच लागतो.

या दोन तयाऱ्यांचा क्रम ठरलेला आहे, आधी अर्हता आणि मग अध्यापन, असेही समजू नये. ज्यांना तक्त्यात सूत्र घालता येत नाही असे शिक्षक मोबाइलवर मुलांचे वाचन ध्वनिमुद्रित करून त्यांनाच ऐकवतात आणि मुले आपली अडखळण स्वतः ओळखतात. हे काम दुसऱ्या तयारीचेच आहे. ते वाढवायचे असेल तर त्याची जागा संगणक कक्षात नाही, केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांतील शिक्षकांच्या बैठकीत आहे. तिथे एकाने आपल्या वर्गात घेतलेला पाठ मांडावा, इतरांनी तोच पाठ महिनाभरात आपल्या वर्गात घेऊन पाहावा आणि पुढच्या परिषदेत केंद्रप्रमुखांनी किती प्रमाणपत्रे आली याऐवजी मुले कुठे अडली आणि संगणक कुठे बंद करावा लागला हे विचारावे.