पार्श्वभूमी : चिनी माध्यमे, पक्षाचा लगाम आणि जाहिरातीचा पैसा

चीनमधली वृत्तपत्रे कम्युनिस्ट पक्षाची मुखपत्रे होती, हे नव्याने सांगायला नको. आजच्या धोरणाचे मूळ मात्र १९७८च्या अखेरच्या एका निर्णयात आहे. बीजिंगमधल्या काही वृत्तपत्रांनी अर्थखात्याकडे मागणी केली : संस्था सरकारीच राहू द्या, पण कारभार आणि हिशेब व्यवसायासारखा करू द्या. मंजुरी मिळाली. सरकारला अनुदानाचे ओझे कमी करायचे होते, एवढाच त्यामागचा हेतू. संपादक कोणी नेमायचा, कुठली बातमी दाबायची, या अधिकारांना कोणी हातही लावला नाही. अनेक जण इथूनच माध्यमे मोकळी होऊ लागली असे मानतात. मला ते पटत नाही. पैशाची वाट तेवढी मोकळी झाली होती.

त्या वाटेवर गर्दी मात्र लगेच झाली. जानेवारी १९७९ मध्ये थ्येनचिन शहराच्या दैनिकात टूथपेस्टची जाहिरात झळकली, त्याच महिन्यात शांघायच्या दूरचित्रवाणीवर औषधी मद्याची.

१९८९ मध्ये तिआनमेन चौकातले आंदोलन चिरडल्यानंतर लगाम आवळला गेला, १९९२ नंतर बाजार पुन्हा तेजीत आला. पण अंक खपवायचा तर वाचकाला हवे ते छापावे लागते, आणि तिथेच गोची झाली. २००३ मध्ये ग्वांगचौ शहरात कोठडीत डांबलेल्या एका स्थलांतरित तरुणाचा मारहाणीने मृत्यू झाला. बातमी छापणारे दैनिक प्रांताच्या मालकीचे, गोत्यात आलेले अधिकारी शहराचे. शहराचा हुकूम प्रांताच्या दैनिकावर चालत नव्हता, म्हणून ती छापता आली. काही महिन्यांत स्थलांतरितांना पकडून गावी धाडण्याची ती पद्धतच रद्द झाली. पुढच्या वर्षी त्याच दैनिकाचे व्यवस्थापक आर्थिक गैरव्यवहाराच्या आरोपाखाली तुरुंगात गेले, आणि परक्या प्रांतात जाऊन तिथल्या अधिकाऱ्यांची प्रकरणे खणण्यावर बंधने आली. हा योगायोग असावा, असे मानणारे फारसे कोणी भेटत नाही.

मग जाहिराती मोबाइलवर गेल्या. कमाई आटली तशी कित्येक दैनिकांची सरकारी मदतीवरची भिस्त वाढली. फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वोच्च नेते शी चिनफिंग सरकारी दूरचित्रवाणीच्या कार्यालयात गेले, तेव्हा पडद्यावर स्वागताची ओळ होती : आमचे आडनाव ‘पक्ष’, म्हणजे आम्ही पक्षाचेच. २०१८ मध्ये वृत्तपत्रे आणि चित्रपटांचे नियमन सरकारी खात्याकडून थेट पक्षाच्या प्रचार विभागाकडे गेले. कोणत्या क्षेत्रांत गुंतवणुकीला बंदी, याच्या सरकारी यादीच्या ऑक्टोबर २०२१च्या मसुद्यात खासगी भांडवलाला बातम्या गोळा करणे, प्रसारित करणे आणि वृत्तसंस्था चालवणे या सगळ्याला मज्जाव सुचवला गेला.