पडवी आणि खळे

कोकणातील घरापुढच्या दोन अर्धउघड्या जागा. ओटीच्या एक-दोन पायऱ्या खाली, उतरत्या छपराखाली असते ती पडवी. तिच्यापुढे, छपराबाहेर, माती चोपून आणि शेणाने सारवून केलेले अंगण म्हणजे खळे. दिवाळीपासून मे अखेरपर्यंत घरातली माणसे माजघरात कमी आणि इथेच जास्त असतात. भात झोडणे, आमसुले नि आंबापोळी वाळवणे, आंब्याच्या पेट्या भरणे, तुळशीचे लग्न, घरचे कार्य, रात्रीची झोप, सगळे इथेच होते. पावसाळ्यात खळे सोडून द्यावे लागते. मग पडवी हीच घराची वेस होते: तिथे इरली टांगतात, लाकडे रचतात, चिखलाचे पाय तिथेच थांबतात.

या दोन्ही जागा एकदा बांधून मोकळे होण्याच्या नाहीत. दक्षिण कोकणात वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. तो सरळ पडत नाही, नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो. उरलेल्या आठ महिन्यांत कडक ऊन आणि खारा वारा असतो. अशा हवेत काहीच टिकत नाही, हे गृहीत धरूनच जुनी पडवी रचलेली असते. जे लवकर खराब होणार ते सहज काढता यावे आणि गावातल्याच वस्तूने बदलता यावे, अशी ती रचना. तिचे आयुष्य मोजायचे तर ते दरवर्षीच्या डागडुजीत मोजावे लागते.

पडवीचे जोते जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचे असते. जांभा खाणीत ओला असताना मऊ असतो आणि उघड्यावर आला की कठीण होत जातो. फ्रान्सिस ब्यूकॅनन याने १८०७ मध्ये मलबारातील या दगडाला लॅटेराइट हे नाव दिले, ते ‘वीट’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. विटेसारखे कापून बांधता येते म्हणून. मात्र हा दगड सच्छिद्र असल्याने पाणी ओढून घेतो. त्याच्यावर सिमेंटचा गिलावा केला तर आतली ओल बाहेर पडायला वाट उरत नाही आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. चिरा उघडा ठेवून नुसत्या दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधल्या सांध्यांच्या फटी, भरणे हेच बरे. वळचणीचे पाणी जोत्याच्या बाहेर पडले पाहिजे, ही दुसरी अट. पागोळ्यांची धार जोत्याच्या कडेवर पडू लागली की चिरा झिजतो, आणि जमिनीवरून उडालेले शिंतोडे खांबाच्या पायथ्याला कायम ओले ठेवतात.

पडवीचे मर्म तो पायथाच. लाकडी खांब थेट जमिनीत किंवा जोत्यात रोवत नाहीत, काळ्या दगडाच्या तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या बैठकीच्या दगडावर, उभा करतात. लाकडाचा देठ म्हणजे कापलेले टोक सर्वांत जास्त पाणी पिते. ते ओल्या चिऱ्याला टेकले की आतून पोकळ होत जाते आणि वाळवीला आयता रस्ता मिळतो. लाकूड कोणते, हे खिशावर आणि बागेवर ठरते. सागवान परवडला तर उत्तमच. एरवी खांब-तुळयांना ऐन, किंजळ आणि फणस, वाशांना जून माड आणि रिपांना, म्हणजे वाशांवरच्या आडव्या पट्ट्यांना, पोफळ. आंब्याचे लाकूड स्वस्त मिळते, पण उघड्या पडवीत ते घालू नये. बांबू अंधाऱ्या पंधरवड्यात तोडावा असा दंडक आहे. चंद्राचे काय असेल ते असो, पण कोवळ्या, पिठूळ रसाने भरलेल्या बांबूला भुंगेरे लवकर लागतात, हे खरे आहे.

लाकूड राखण्यासाठी काजूच्या टरफलाचे तेल वापरतात. ते दाट, काळपट आणि दाहक असते. अंगावर उडाले तर कातडी भाजल्यासारखी होऊन फोड येतात. त्यामुळेच कीड त्याच्या वाटेला जात नाही. होड्यांनाही ते लावतात. लाकूड पूर्ण सुकलेले असताना, म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, हाताला फडके गुंडाळून दोन हात द्यायचे आणि मध्ये चांगले वाळू द्यायचे. खांबाचा देठ, वाशांची टोके आणि भिंतीत शिरणारा भाग यांना तिसरा हात. गॅरेजमधले जळके ऑइल फासण्याची रीत आता बरीच पसरली आहे. ते फुकटात मिळते एवढेच. पुढे वर्षभर टेकणाऱ्याच्या सदऱ्यावर ते उतरत राहते.

छप्पर पूर्वी गवत, पेंढा किंवा माडाच्या झापांचे (विणलेल्या झावळ्यांचे) असे, पुढे नळीच्या कौलांचे. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि तिथले चपटे, एकमेकांत अडकणारे कौल हळूहळू सगळ्या किनाऱ्यावर आले. पण कौलाचेही दरवर्षी बघावे लागते. मृगाआधीच्या कामांना कोकणात आगोटीची कामे म्हणतात, आणि घर शाकारणे हे त्यातले मोठे काम. कौले उतरवून झाडायची, फुटकी बाजूला काढायची, कुजलेली रीप बदलायची आणि पुन्हा रचायची. वानरांच्या टोळीने एका सकाळी फोडलेली कौले मोजली म्हणजे पत्रे घालणाऱ्यांना नावे ठेवायची इच्छा कमी होते. शाकारून झाले की पडवीच्या उघड्या बाजूंना झापांच्या ताट्या बांधतात, म्हणजे झडीचे पाणी आत येत नाही. हल्ली ताट्यांच्या जागी निळी-हिरवी ताडपत्री दिसते. ती वारा अजिबात जाऊ देत नाही, त्यामुळे आत बुरशी धरते; झापातून वारा खेळतो.

खळ्याचे काम याच्या उलट, पावसानंतर सुरू होते. चार महिन्यांत खळ्यावर गवत माजलेले असते आणि वरचा थर वाहून गेलेला असतो. भाताची कापणी दारात आलेली असते. मग गवत तासून काढायचे, जमीन वरवर खणायची, नवी लाल माती टाकून पाणी शिंपडायचे आणि ओल बेताची झाली की चोपण्याने चोपायचे. ही बेताची ओल सांगून कळत नाही. माती जास्त ओली असेल तर ती चोपण्याला चिकटून उचलली जाते, कमी असेल तर भुगा होतो. मुठीत दाबलेला गोळा फुटला नाही आणि तळवा कोरडा राहिला, की सुरुवात करायला हरकत नाही. उतार घरापासून बाहेर आणि किंचितच ठेवायचा. सुकताना पडणाऱ्या भेगा पातळ मातीने भरून पुन्हा चोपायच्या आणि मग शेणाचे सारवण. शेणातल्या गवताच्या बारीक काड्या मातीला धरून ठेवतात, धूळ उडत नाही. थर पातळ हवा. जाड थर सोलून निघतो.

खळ्यावर मग मांडव उभा राहतो, मालवणीत माटव. पोफळीचे किंवा बांबूचे खांब, वर आडव्या काठ्या आणि विणलेले झाप. उन्हाळाभर सावली देऊन पावसाच्या तोंडावर तो सोडवला जातो, चांगल्या काठ्या पडवीच्या आढ्याला टांगतात आणि झापांचे जळण होते. आज बहुतेक ठिकाणी लोखंडी पाइपांचा कायमचा मांडव आणि खाली चिऱ्यांची किंवा पेव्हर ब्लॉकची फरशी असते. पाऊस लागला तरी खळे वापरता येते आणि दरवर्षी चोपायचे कष्ट वाचतात. घरात राहायला दोनच म्हातारी माणसे उरली असतील तर हा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही.

तरीही मेहनत संपत नाही, तिची जात बदलते. खाऱ्या हवेत लोखंड गंजते आणि गंज मूळ धातूपेक्षा किती तरी जास्त जागा व्यापतो. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप बरा, पण वेल्डिंग केले त्या जागी जस्त जळून गेलेले असते आणि गंज तिथूनच सुरू होतो. तिथे तासून जस्ताचा रंग लगेच लावावा, पाइपांची उघडी तोंडे टोपणाने बंद करावीत. स्टेनलेस स्टीलही सरसकट बिनधोक नाही. ३०४ प्रतीवर समुद्राजवळ तपकिरी डाग येतात. मॉलिब्डेनम असलेली ३१६ प्रत टिकते, पण महाग पडते. लाकडात ठोकलेला साधा खिळा गंजला की भोवतीचे लाकूड काळे पडून ठिसूळ होते. जुने सुतार खाच आणि लाकडी खुंटीने जोड का करत, त्याचे एक उत्तर यात आहे. काँक्रीटच्या पडवीत हाच गंज आत दडलेला असतो. खाडीची खारट वाळू वापरली किंवा सळईवर पुरेसे काँक्रीट नसले, की स्लॅबच्या पोटाचे तुकडे गळू लागतात. भारतीय मानक ४५६ (२०००) उघड्या किनारी हवेतल्या कामाला किमान ४५ मिलिमीटर आवरण सांगते. स्थानिक कामात ते क्वचितच मोजून पाहिले जाते.

मोडलेल्या लाकडी पडवीची दुरुस्ती त्यामानाने सोपी. खांबाचा देठ कुजला असेल तर सगळा खांब बदलत नाहीत. तुळईला शेजारी टेकू देऊन भार उचलतात, खांबाचा कुजका भाग चांगले लाकूड लागेपर्यंत कापतात आणि तळखडा तेवढा उंच करतात. टोचणी दर आगोटीला करावी: पायथ्याला पातळ पेचकस दाबला आणि तो सहज आत गेला, तर खांब वरून कितीही चकचकीत असला तरी उपयोगाचा नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, दापोली या भागांतल्या बागा आडव्या झाल्या आणि घरांची छपरे उडाली. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते किनाऱ्याला लागून उत्तरेकडे गेले. पडवी तीन बाजूंनी उघडी असल्याने वारा आत शिरून छपराला खालून उचलतो. कौले सुटी सुटी उडतात आणि दाब मोकळा होतो. पत्रा उचलला गेला तर रिपांसकट जातो. म्हणून पत्रा घालायचाच तर वासे तुळईला आणि तुळई खांबाला पट्ट्यांनी आवळलेली हवी. पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून सुटे ठेवले तर तिच्याबरोबर घर उघडे पडत नाही.

गोव्यातील घरांचा बलकांव हा पडवीचा नातलग, पण पायऱ्यांच्या माथ्यावर आणि दोन्ही बाजूंना बसायला बांधीव सोपे असलेला; तो कामापेक्षा गप्पांसाठी आहे. पर्यटकांसाठी बांधलेल्या किनाऱ्यावरच्या खोल्यांपुढे आता लाकडी फळ्यांचा ‘डेक’ही दिसतो. त्याला नियम पडवीचेच लागू: फळ्यांमध्ये ४-५ मिलिमीटर फट, खाली वारा खेळायला मोकळी जागा आणि फळीचे टोक कुठेही बंदिस्त नको.

भरतीरेषेजवळच्या घरांना किनारी नियमन क्षेत्राचे नियम लागतात. २०११ च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावर २०० मीटरांचा ना-विकास पट्टा होता. जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने दर चौरस किलोमीटरला २,१६१ माणसांपेक्षा दाट वस्तीच्या भागांसाठी तो ५० मीटरांवर आणला. या पट्ट्यात अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती करता येते, पण जोत्याचे क्षेत्रफळ वाढवता येत नाही. त्यामुळे जुनी पडवी उतरवण्याआधी तिच्या जोत्याची मापे आणि फोटो काढून ठेवावेत, आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे घरांच्या कर आकारणीच्या नोंदीत, पडवी धरलेली आहे का ते पाहून घ्यावे.