कॉम्प्युटेशनल फॉरेन्सिक टॉक्सिकॉलॉजीत पीएचडी करायचीय? पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

या नावाची वेगळी सीट शोधत बसू नका, आपल्याकडे हा विषय बहुतेक वेळा फॉरेन्सिक सायन्स किंवा केमिस्ट्रीच्या पीएचडीखालीच करता येतो. म्हणजे व्हिसेरातलं (मृतदेहाच्या अवयवांतलं) विष, नशेचे नवे पदार्थ, मास स्पेक्ट्रमचा (पदार्थाच्या तुकड्यांच्या वजनांच्या आलेखाचा) डेटा हे सगळं पायथन, मशीन लर्निंग वापरून सोडवायचं, पण अर्जावर विषय फॉरेन्सिक किंवा केमिस्ट्रीच लिहायचा. गांधीनगरची नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटी (एनएफएसयू) सगळ्यांना माहिती आहेच, तिचा एक कॅम्पस गोव्यात फोंड्याला आहे, पण आपल्या राज्यातल्या विद्यापीठांच्या पेट (पीएचडी प्रवेश) परीक्षेच्या जाहिरातीही बघत राहा.

पात्रता यूजीसीच्या २०२२ च्या नियमांवर चालते. मास्टर्सला ५५ टक्के पाहिजेत, एससी, एसटी, नॉन-क्रिमीलेयर ओबीसी, दिव्यांग, ईडब्ल्यूएस यांना ५ टक्के सवलत. चार वर्षांची डिग्री असेल तर ७५ टक्क्यांवर मास्टर्सशिवायही अर्ज करता येतो. फार्मसी, बायोटेक, डेटा सायन्सवाल्यांनी जाहिरातीतली संलग्न विषयांची यादी आधी वाचा, त्यात तुमची डिग्री नसेल तर फी भरू नका, आधी विभागाला ईमेल टाका.

प्रवेशासाठी नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) दिलेली बरी. यूजीसी नेटमध्ये फॉरेन्सिक सायन्स हा विषय आहे, केमिस्ट्रीवाल्यांना सीएसआयआर नेट आहे. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन फेलोशिप) लागली तर थेट इंटरव्ह्यू, आणि महिन्याला ३७,००० रुपये, पुढे एसआरएफ (तिचा वरचा टप्पा) झाल्यावर ४२,०००, वर एचआरए (घरभाडे भत्ता). जेआरएफ नाही पण पीएचडीपुरतं क्वालिफाय झालात तर नेटच्या मार्कांना ७० टक्के आणि इंटरव्ह्यूला ३० टक्के वजन, आणि तो स्कोअर पीएचडी प्रवेशासाठी एकच वर्ष चालतो, हे बरेच जण विसरतात. विद्यापीठाच्या स्वतःच्या परीक्षेत अर्धा पेपर रिसर्च मेथडॉलॉजीचा असतो, त्याकडे दुर्लक्ष नको.

आता कागदपत्रं. दहावीपासूनच्या सगळ्या मार्कशीट, डिग्री किंवा प्रोव्हिजनल, मायग्रेशन, नेटचा स्कोअरकार्ड, आधार, फोटो हे तर आहेच. सीजीपीए असेल तर टक्केवारीत रूपांतराचं पत्र विद्यापीठाकडून आत्ताच मागून ठेवा. शिक्षणात गॅप असेल तर अॅफिडेव्हिट. राज्याच्या विद्यापीठात राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र मागतात. सगळ्यात जास्त घोळ नॉन-क्रिमीलेयरचा होतो, कारण एनएफएसयूसारख्या केंद्रीय संस्थेला केंद्राच्या नमुन्यातलंच ओबीसी सर्टिफिकेट लागतं, राज्याचं तीन वर्षांचं दाखवून भागत नाही, आणि एसईबीसीचं (मराठा समाजाचं) आरक्षण तर फक्त राज्यातच आहे. तहसील किंवा सेतूत अर्ज करताना "केंद्राच्या नमुन्यात पाहिजे" असं स्पष्ट सांगा.

नोकरीत असाल, समजा एखाद्या फॉरेन्सिक लॅबमध्ये, तर पार्ट-टाइम करता येते, पण एनओसीत तीन गोष्टी लिहिलेल्या पाहिजेत: पार्ट-टाइम शिकायला परवानगी आहे, कामातून अभ्यासाला पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी मोकळं करू. नुसतं "हरकत नाही" लिहिलेलं पत्र चालत नाही.

पण माझ्या मते खरी लढाई प्रपोजलचीच. "एआयने विष ओळखणे" असं लिहून गेलात तर पहिला प्रश्न येणार, डेटा कुठून आणणार? त्यापेक्षा छोटा आणि पक्का प्रश्न घ्या. उदाहरणार्थ फ्लुओरोअॅम्फेटामिन हा नशेचा पदार्थ, त्यात फ्लुओरिन रिंगवर २, ३ की ४ नंबरला आहे हे साध्या जीसी-एमएसच्या (नमुन्यातले पदार्थ वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्राच्या) स्पेक्ट्रमवरून जवळजवळ कळतच नाही, तिन्ही सारखेच दिसतात, मग आलेखातल्या छोट्या पीकच्या (उंचवट्यांच्या) तीव्रतेवरून मॉडेल त्यांना वेगळं करू शकेल का, हा प्रश्न तीन-चार वर्षांत पेलणारा आहे. सुरुवातीला स्वॅगड्रग आणि मासबँक या स्पेक्ट्रमच्या लायब्रऱ्यांचा डेटा फुकट मिळतो, तो वापरून छोटासा ट्रायल रिझल्ट प्रपोजलला जोडा, कमिटीवर त्याचा फार चांगला परिणाम होतो. पुढे खरे स्टँडर्ड पदार्थ (तुलनेसाठीचे शुद्ध नमुने) लागले तर एनडीपीएस (अंमली पदार्थांच्या) कायद्याखालची परवानगी, आणि माणसांचे नमुने किंवा केसचा डेटा लागला तर एथिक्स कमिटीची मंजुरी आणि लॅबची लेखी संमती. ती संमती कोणाकडून मिळणार हे अर्जाच्या आधीच गाइडशी बोलून ठरवा, कारण प्रवेश झाल्यावर वर्षभर पत्रव्यवहारातच जाऊ शकतं.

गाइडची जागा रिकामी आहे का हेही विचारा, प्रोफेसरला एका वेळी ८, असोसिएटला ६, असिस्टंटला ४ च विद्यार्थी घेता येतात, आणि रिटायरमेंटला तीन वर्षांपेक्षा कमी राहिलेले सर नवीन विद्यार्थी घेऊ शकत नाहीत.

प्रवेशानंतर १२ ते १६ क्रेडिटचं कोर्सवर्क, त्यात रिसर्च आणि पब्लिकेशन एथिक्स आलंच, आणि त्यात ५५ टक्के पाहिजेत. मुदत कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६, री-रजिस्ट्रेशन करून आणखी २. महिलांना आणि ४० टक्क्यांवर दिव्यांगत्व असणाऱ्यांना त्यावर आणखी २ वर्षांची सवलत आहे, शिवाय बाळंतपण किंवा मुलाच्या संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा, हे विभागात कोणी स्वतःहून सांगेलच असं नाही, मागून घ्या.

फेलोशिप नसेल तर बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा, कुणबी), महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त) या राज्य सरकारच्या संस्थांच्या जाहिराती बघा, पण तिथे बहुतेक वेळा रजिस्ट्रेशनचं पत्र मागतात, म्हणून प्रवेशाचं पत्र हातात आलं की त्याच दिवशी स्कॅन करून ठेवा.