बूस्टचा काटा हलत का नाही?

ब्लोअर नवा, पट्टा ताणलेला, ॲक्सिलरेटर तळाला टेकलेला, आणि बूस्टचा, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा वाढवलेल्या दाबाचा, काटा मात्र शून्याला चिकटलेला. जुन्या गाडीवर रूट्स पद्धतीचा सुपरचार्जर, म्हणजे पट्ट्यावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा ब्लोअर, चढवून हॉट रॉड (ताकद वाढवलेली गाडी) बांधली की ही तक्रार हमखास येते. मग मीटर बदललं जातं, नळी बदलली जाते, कधीकधी ब्लोअरसुद्धा उघडला जातो. खरा दोष बहुतेकदा वीतभर अंतराचा असतो. नळी कार्ब्युरेटरच्या बुडाशी, म्हणजे ब्लोअरच्या वरच्या अंगाला जोडलेली असते.

या मांडणीत हवा आधी कार्ब्युरेटरमधून जाते, मग ब्लोअरमधून, मग मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पोकळ भागात. कार्ब्युरेटर आणि ब्लोअर यांच्यामधल्या पोकळीत ब्लोअर सतत हवा ओढत असतो, त्यामुळे तिथे एक तर व्हॅक्यूम असतो, नाही तर जेमतेम बाहेरच्याइतका दाब. बूस्ट तयार होतो तो खाली, मॅनिफोल्डमध्ये. तेव्हा मीटरच्या नळीसाठी भोक तिथेच पाडायचं, आणि तेही एखाद्या सिलिंडरच्या नळकांड्यात नाही, तर सगळ्यांच्या सामायिक पोकळीत. १/८ इंची एनपीटी (अमेरिकी पाइपांच्या) आट्यांसाठी ८.६ मि.मी.चा ड्रिल पुरतो. मॅनिफोल्ड इंजिनावरून उतरवल्याशिवाय ड्रिल लावू नये. ॲल्युमिनियमचा बारीक कीस व्हॉल्व्हच्या सीटवर जाऊन बसला तर मीटरपेक्षा हेडचा खर्च मोठा.

हा ब्लोअर मुळात मोटारीसाठी जन्मलेला नाही. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुढे जीएमसीच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनांना जळका धूर ढकलून ताजी हवा भरायला तो लागला. ६ सिलिंडर, प्रत्येकी ७१ घनइंच, म्हणून नाव ‘६-७१’. हॉट रॉडवाल्यांनी तोच उचलून पेट्रोलच्या व्ही-८ वर बसवला.

आता पुण्याचा मुद्दा. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, म्हणून इथे हवेचा दाब साधारण ०.९५ बार भरतो, मुंबईत १.०१. डॅशबोर्डवरचं साधं मीटर बाहेरच्या हवेला शून्य मानून त्यापुढचा फरक दाखवतं. ब्लोअर हवा दीडपट दाबतो असं धरलं, तर मुंबईत काटा ०.५१ बारवर जाईल आणि पुण्यात ०.४७ वर. म्हणजे सुमारे ७.३ पीएसआयचे (पौंड प्रति चौरस इंच) ६.९ झाले. ब्लोअर थकलेला नाही, पट्टाही घसरत नाही. इंजिनाचा कॉम्प्युटर मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या ज्या मॅप सेन्सरवर चालतो, तो मात्र शून्य दाबापासून मोजतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवताना मीटरच्या आकड्यात बाहेरचा दाब मिळवायला विसरलं की भांडण लागलंच.

यांत्रिक मीटरच्या पोटात बोर्दोन नळी असते. पितळी, चपटी, अर्धवर्तुळात वाकवलेली. आत दाब आला की ती किंचित उलगडते आणि दात्यांमार्फत काटा फिरवते. फ्रान्समधलं हे १८४९ चं पेटंट अजून बदलावंसं वाटलेलं नाही. तिचे शत्रू दोन. पहिला म्हणजे हवेचे धक्के, ज्यांनी काटा थरथरतो. नळीत १ मि.मी. किंवा त्याहून बारीक भोकाचा अडसर घातला की तो शांत होतो. दुसरा म्हणजे बॅकफायर. मॅनिफोल्डमधलं सगळं मिश्रण एकदम पेटलं की दाब क्षणभर मीटरच्या पट्ट्याबाहेर जातो, बोर्दोन नळी ताणली जाते आणि परत पूर्ण मिटत नाही. इंजिन बंद असताना काटा शून्यावर येत नसेल तर हे झालेलं असतं. असं मीटर ठोकून दुरुस्त होत नाही.

तेलाच्या दाबाच्या मीटरला मात्र सगळ्यात जास्त वेळ द्यावा, कारण इथल्या चुका इंजिन खातात. पहिली चूक आट्यांची. अमेरिकी सेंडर (दाब किंवा तापमान मोजून वायरने मीटरला कळवणारा भाग) बहुधा १/८ एनपीटी असतो, दर इंचाला २७ आटे, कोन ६० अंश. जपानी वळणाच्या इंजिनात आणि आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानांत मात्र १/८ बीएसपी (ब्रिटिश पाइपांचे आटे) चालतं, दर इंचाला २८ आटे, कोन ५५ अंश, आणि व्यासही अर्धा मि.मी. लहान. एनपीटीचा सेंडर बीएसपीच्या भोकात एक-दोन फेरे गोडीगुलाबीने जातो, मग अडतो, मग पान्याच्या जोरावर ॲल्युमिनियमला तडा पाडतो. आट्यांचा गेज लावून बघा, किंवा दोन्ही आटे समोरासमोर टेकवून उजेडाकडे धरा. फट दिसली की जोडी चुकली. पुण्याच्या नाना पेठेत हवा तो ॲडॉप्टर मिळाला नाही तर लेथवर पितळेचा वळवून घेणं तासाभराचं काम आहे.

दुसरी चूक टेफ्लॉन टेपची. एका वायरचा सेंडर आपला अर्थ (विजेचं अर्थिंग) आट्यांतूनच घेतो. टेपचे चार वेढे दिले की अर्थ तुटतो आणि काटा एका टोकाला जाऊन बसतो. शिवाय टेपची लोंबणारी शेपटी तेलाच्या गॅलरीत, म्हणजे तेलाच्या वाटेत, शिरते ती वेगळीच. टोकाचे दोन आटे कोरडे सोडून थोडं द्रवरूप सीलंट लावलं तर पुरतं.

तिसरी चूक मीटर आणि सेंडरच्या जोडीची. अमेरिकी मीटर बहुधा सेंडरच्या २४० ते ३३ ओहम रोधावर चालतं, युरोपीय १० ते १८० वर. एकाचा सेंडर दुसऱ्याला लावला की काटा उलटा धावतो: दाब वाढला की खाली.

चौथी चूक लटकवण्याची. डब्याएवढा जड सेंडर पितळी टी-जॉइंटवर इंजिनालाच टांगला, की कंपनांनी पितळ मानेपाशी तुटतं आणि तेल गरम एक्झॉस्टवर उडतं. सेंडर फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) क्लॅम्पने बसवावा, इंजिनापर्यंत स्टीलच्या जाळीची होज आणावी आणि सेंडरच्या अंगाला वेगळी अर्थ वायर द्यावी. पेट्रोलच्या दाबाचं यांत्रिक मीटर तर केबिनमध्ये घेऊच नये. तिथे इलेक्ट्रिक सेंडरच.

पाण्याचं तापमान तपासायला घरचं पातेलं पुरतं. सेंडरच्या अंगाला अर्थ वायर बांधून तो उकळत्या पाण्यात सोडा. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, तेव्हा काटा १०० वर आला नाही म्हणून दुकानदाराशी वाद घालू नका. सेंडरचं टोक मात्र वाहत्या पाण्यात बुडालेलंच हवं. कूलंट गळून गेलं की टोक हवेत राहतं आणि इंजिन भाजत असताना काटा खाली येतो.

ब्लोअरवाल्या इंजिनात याहून उपयोगी तापमान मॅनिफोल्डमधल्या हवेचं. ३५ अंशांची हवा दीडपट दाबली आणि ब्लोअरची कार्यक्षमता ५५ टक्के धरली, तर हिशेबाने ती १०० च्या पुढे जाते. कार्ब्युरेटरचं पेट्रोल उडताना ती बरीच थंड करतं, हे नशीब. मिश्रण पातळ झालं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडलं, की ही मदत आटते, नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून बसणारे ठोके) सुरू होतं आणि पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही. म्हणून वाइडबँड लॅम्डा मीटर, म्हणजे एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलाचं प्रमाण सांगणारं मीटर, हवंच. त्याच्या सेन्सरसाठीचा एम-१८ आट्यांचा बुंगा एक्झॉस्टला वेल्ड करताना सेन्सर आडव्यापेक्षा निदान १० अंश वर कललेला ठेवा. आडवा किंवा खाली ठेवलात तर पाइपातलं पाणी सेन्सरच्या तापलेल्या सिरॅमिकवर येतं आणि ते तडकतं. मीटर लॅम्डाच्या पट्टीवरच वाचा. इथे पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. पूर्ण जळण्यासाठी त्याच्या एका भागाला लागणाऱ्या हवेचं नेमकं प्रमाण १४.७ नसून १३.५ च्या आसपास आहे, पण मीटर पेट्रोलच्या पट्टीवर असेल तर ते १४.७ च दाखवत राहतं. लॅम्डा १, म्हणजे नेमकं प्रमाण, दोन्हीकडे १ च. पूर्ण बूस्टला ०.८ च्या आसपास ठेवावा.

डॅशबोर्डमध्ये ५२ मि.मी.च्या होल सॉने भोक पाडणं हे सगळ्यात सोपं काम, त्यावर शब्द नकोत. मीटर मात्र थोडं फिरवून असं बसवा की नेहमीच्या वेगाला सगळे काटे सरळ वर असतील. तिरका काटा डोळ्याच्या कोपऱ्यातूनही कळतो. इंजिनातल्या फेरफारांचा प्रश्न मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाशी जातो. तो आरटीओकडे आधीच विचारून घ्यावा.

हेडलाइट लावताच सगळे काटे एकदम सरकले तर मीटर निर्दोष आहेत, इंजिन ते चॅसी अर्थ पट्टी सैल आहे. हेडलाइट चालू ठेवून मल्टीमीटरचं एक टोक ब्लॉकला, दुसरं मीटरच्या अर्थला लावा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर पट्टी घासून घट्ट करा. मग पहिलं स्टार्ट. ५-६ सेकंदांत तेलाचा काटा उठला नाही तर इंजिन बंद करून कारण शोधा. उठला तर कात्रजचा घाट एकदा चढून या आणि इंजिन गार झाल्यावर प्रत्येक जोडाखाली पांढरा कागद फिरवा. तेलाचा थेंब डोळ्याआधी कागदावर दिसतो.