निखालस माणूस आणि निखालस खोटं

आमच्या बेळगावकडं कुणाचं कौतुक करायचं झालं तर 'माणूस निखालस आहे बघा, पोटात एक ओठात एक नाही' म्हणतात, आणि तीच माणसं जरा वेळानं 'हे निखालस खोटं आहे' असंपण म्हणतात. खऱ्याला आणि खोट्याला एकच शब्द कसा काय चालतो?

शब्द मूळचा अरबी. अरबीत बहुतेक शब्दांचा सांगाडा तीन व्यंजनांचा असतो, त्यात स्वर बदलायचे, मागेपुढे एखादं अक्षर जोडायचं की नवा शब्द तयार. ख-ल-स हा असाच सांगाडा, अर्थ भेसळ नसणं, सुटं होणं. त्यातनं 'खालिस' म्हणजे शुद्ध. कुराणातल्या १६व्या सुरेच्या ६६व्या आयतीत हा शब्द दुधाला लावलाय, जनावराच्या पोटात शेण आणि रक्त यांच्या मधनं येऊनसुद्धा दूध मात्र खालिस. आणि त्याच सांगाड्यातला 'इखलास' म्हणजे मनाचा सच्चेपणा, म्हणजे दुधाची शुद्धता माणसाच्या मनाला अरबीतच लागली होती, आपण ती आयती घेतली.

आपल्याकडं हे शब्द फारसीतनं आले. १४७२ मध्ये बहामनींच्या महमूद गावाननं बेळगावचा किल्ला घेतला, पुढं विजापूरची आदिलशाही आली, दफ्तरात फारसी चालायची, तिथनं ते लोकांच्या तोंडी बसले. मराठीनं पुढं 'नि' जोडला, पण तो निकामी, निडर यातला नकाराचा 'नि' नव्हे, नाहीतर अर्थच उलटा झाला असता.

आता खोट्याचं. ज्यात दुसरं काही मिसळलेलं नाही ते शुद्ध, आणि मिसळलेलं नाही म्हणजे तेच ते, पूर्ण. म्हणून निखालस खोटं म्हणजे ज्यात खऱ्याचा थेंबही नाही असं खोटं. 'शुद्ध मूर्खपणा' याच वाटेनं आलाय, 'साफ खोटं'सुद्धा. साफपण अरबीच, अर्थ निर्मळ, आणि बेळगावच्या किल्ल्यातली सफा मशीद आहे ना, तिचं नाव त्याच मुळातलं.

ख-ल-सचं घराणं मोठं आहे. खलास यातलाच. खालसा म्हणजे मधे जहागीरदार नसलेली, थेट सरकारची जमीन, म्हणून संस्थान 'खालसा' होतं. १८२४ मध्ये कित्तूरचा दत्तक वारस ब्रिटिशांनी नाकारला आणि राणी चन्नम्मा लढली, ते संस्थान खालसा होण्यावरनंच.

मला यातला सगळ्यात आवडता शब्द खुलासा. अरबीत त्याचा अर्थ सार, अर्क. मराठीत खुलासा केला म्हणजे काय घडलं ते स्पष्ट सांगितलं. पण इथल्या कन्नड पेपरात आरोपी 'खुलासे' झाला असं छापून आलं तर त्यानं काही सांगितलेलं नसतं, कोर्टानं त्याला निर्दोष सोडलेलं असतं. भेसळीतनं सुटणं आणि आरोपातनं सुटणं, सांगाड्यातला सुटण्याचा अर्थ कन्नडनं धरून ठेवला, आणि मराठी-कन्नड दोन्ही पेपर वाचणाऱ्या आमच्या लोकांना दोन्ही अर्थ रोज भेटतात.