२१४७४८३६४७ (मूळ संख्या)

२१४७४८३६४७, अक्षरी दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस, ही २च्या ३१व्या घातातून १ वजा केल्यावर मिळणारी मूळ संख्या आहे. अशा घडणीच्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात; ही त्यांतली आठवी. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिली की ओळीने एकतीस वेळा १ येतो.

ती मूळ आहे हे स्विस गणितज्ञ लिओनार्ड ऑयलरने १७७२ मध्ये दाखवले. तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेली होती. संख्येचे वर्गमूळ ४६३४०च्या थोडे पुढे आहे, म्हणजे तिथपर्यंतचे सगळे विभाजक तपासायला हवेत. ऑयलरने हे काम कसे आटोक्यात आणले, ते मुळातून समजून घेण्यासारखे आहे. या संख्येला भाग जाणाऱ्या कोणत्याही मूळ संख्येला ६२ने भागले तर बाकी १ उरलीच पाहिजे, आणि ८ने भागले तर १ किंवा ७. दोन्ही अटी एकत्र केल्या की २४८ने भागून १ किंवा ६३ बाकी ठेवणाऱ्या संख्याच शिल्लक राहतात. ६३ स्वतः मूळ नाही. ती आणि १ सोडले तर ४६३४०पर्यंत उरतात ३७२, आणि त्यांतल्याही बऱ्याच संयुक्त म्हणून गळतात. खरी पहिली परीक्षा ३११ची. इंदूरच्या रामबागेतल्या एखाद्या मराठी घरातले शाळकरी पोरही हा भागाकार वहीवर करील: भागाकार ६९०५०९२, बाकी ३५. असे शेवटपर्यंत करत गेले, तरी कुठेच निःशेष भाग जात नाही.

या संख्येला २च्या ३०व्या घाताने गुणले की २३०५८४३००८१३९९५२१२८ ही परिपूर्ण संख्या मिळते. स्वतःला वगळून तिच्या सर्व विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच भरते.

संगणकाच्या ३२ बिटांच्या, म्हणजे ० किंवा १च्या ३२ स्थानांच्या, खणात एक बिट अधिक-उणे चिन्हासाठी राखला, तर मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. अनेक संगणक १ जानेवारी १९७०च्या पहाटे साडेपाचपासून (भारतीय वेळ) सेकंद मोजतात. असा खण असलेल्या यंत्रात हा आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरेल. इंदूरच्या गांधी हॉलच्या मनोऱ्यावरचे घड्याळ पुढच्या सेकंदाला नेहमीसारखे पुढे सरकेल. यंत्रातला आकडा मात्र उलटून सर्वांत लहान ऋण संख्येवर येईल आणि यंत्र १४ डिसेंबर १९०१च्या मध्यरात्रीनंतर सव्वादोनच्या सुमारास जाऊन पडेल. गांधी हॉल १९०४चा, म्हणजे यंत्राच्या लेखी तो मनोरा अजून उभाच राहिलेला नसेल. यावर उपाय म्हणून ६४ बिटांचा खण वापरतात.

यादृच्छिक आकडे काढण्याच्या एका जुन्या रीतीतही ही संख्या येते. १पासून सुरुवात करून दर वेळी १६८०७ने गुणायचे आणि २१४७४८३६४७ने भागून बाकी ठेवायची. १ ते २१४७४८३६४६ ही प्रत्येक संख्या एकेकदा येऊन जाते, आणि मगच १ पुन्हा हाती लागतो.