किंग्ज गँबिट संगणकाने ‘सोडवलेला’ नाही

सोलापुरात बुद्धिबळाच्या सुट्टीतील शिबिरांत किंग्ज गँबिटचा, म्हणजे सुरुवातीलाच पांढऱ्याने एक प्यादे देऊ करण्याच्या डावाच्या प्रारंभाचा, विषय निघाला, की कोणीतरी मुलांना सांगतेच, की संगणकाने हा प्रारंभ २०१२ मध्ये पूर्ण सोडवला असून एफ४ या घरावरचे प्यादे देणाऱ्या पांढऱ्याची हार ठरलेली आहे. हे खरे नाही. ‘रिब्का’ या बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकप्रणालीचे निर्माते वासिक रायलिक यांची हा प्रारंभ सोडवल्याचा दावा करणारी मुलाखत चेसबेस या बुद्धिबळविषयक संकेतस्थळाने त्या वर्षी एप्रिलच्या आरंभी छापली होती, ती एप्रिल फूलची थट्टा होती आणि चेसबेसनेच पुढे तसे जाहीर केले, पण खुलासा बातमीइतका दूर गेला नाही.

असे सोडवणे आजही आवाक्याबाहेर आहे. दोन्ही राजे धरून सात मोहऱ्यांपर्यंतच्या स्थितींचे निकाल संगणकाने संपूर्णपणे काढले आहेत, तर ते प्यादे मारल्यावर पटावर ३१ मोहरी उरतात.

दुसरा दाखला अमेरिकी विश्वविजेते बॉबी फिशर यांचा दिला जातो. १९६० मध्ये सोव्हिएत खेळाडू बोरिस स्पास्कीकडून याच प्रारंभात हरल्यावर त्यांनी १९६१ च्या लेखात काळ्यासाठी डी६ (प्यादे डी६ वर) ही खेळी सुचवून गँबिट मोडीत काढल्याचे लिहिले, हे खरे. मात्र पुढे त्यांनी स्वतः पांढऱ्याकडून उंट सी४ वर आणून तोच खेळला आणि डाव जिंकले.

त्यागाने पांढऱ्याला मध्यभाग आणि एफ७ वर दाब मिळतो, त्याचा राजाही उघडा पडतो. काळा किंचित सरस ठरतो, असे संगणकाचे मूल्यमापन सांगते, परंतु किंचित सरस म्हणजे विजय सिद्ध झालेला नव्हे, आणि हा फरक मुलांना पटावर मांडूनच दाखवायला हवा.